पणजोबांचा मृत्यू १९१८ चा की १९२१ चा? घराण्याच्या नोंदी पारखाव्यात कशा?

कृष्णाकाठ

नमस्कार. गेली दोन वर्षे मी आमच्या घराण्याची वंशावळ जुळवतो आहे आणि आता एका जागी असा अडलो आहे की पुढे जाण्यापूर्वी येथील जाणकारांना विचारावेसे वाटले. आमचे मूळ गाव शिराळा तालुक्यातले. पणजोबांचे नाव ज्ञानू, त्यांच्या वडिलांचे बापू. आजोबा, म्हणजे गणू, नेहमी सांगत की त्यांचे वडील मानमोडीच्या साथीत दिवाळीच्या आधी गेले आणि तेव्हा ते स्वतः तीन वर्षांचे होते. मानमोडी म्हणजे १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ, हे मला पुढे वाचनातून कळले.

आमच्या भावकीने १९८७ साली वंशावळीची एक छोटी पुस्तिका छापली होती. तीत ज्ञानू बापू यांचे मृत्यूवर्ष १९२१ दिले आहे. इंटरनेटवरच्या दोन वंशवृक्षांत आणि भावकीच्या व्हॉट्सॲप गटात फिरणाऱ्या तक्त्यातही १९२१ च आहे. प्राथमिक शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये आजोबांची जन्मतारीख १ जून १९१९ आहे. पणजोबा १९१८ च्या दिवाळीपूर्वी गेले आणि आजोबा १९१९ च्या जूनमध्ये जन्मले, या दोन्ही गोष्टी खऱ्या मानल्या तर आजोबांनी वडिलांना पाहिलेलेच नाही. पण वडिलांच्या खांद्यावर बसून जत्रेला गेल्याची त्यांची आठवण आम्ही सर्वांनी त्यांच्या तोंडून ऐकलेली आहे.

भरीस भर म्हणजे मागच्या वर्षी गावात आलेल्या हेळव्याने, म्हणजे घराण्यांच्या वंशावळी वहीत राखून दारोदार वाचून दाखवणाऱ्याने, वही वाचताना ज्ञानूला दोन मुलगे सांगितले, रामा आणि गणू. हा रामा कोण, हे घरात कोणालाच ठाऊक नाही. अशा वेळी कोणत्या साधनावर किती विसंबावे?

पांथस्थ

चार ठिकाणी १९२१ आहे आणि एका आठवणीत १९१८, त्यामुळे १९२१ धरून पुढे जावे असे माझे मत आहे. म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीत मोठ्या साथी, दुष्काळ आणि पूर हे सगळे एकत्र कालवले जातात, हा माझ्या घरचा अनुभव आहे.

निवृत्त तलाठी

पांथस्थ, या चार ठिकाणांची मोजणी मला मान्य नाही. इंटरनेटवरचे दोन्ही वृक्ष आणि व्हॉट्सॲपचा तक्ता त्या पुस्तिकेवरून उतरवलेले असतील, तर साक्षीदार एकच झाला आणि त्याचेच म्हणणे चार वेळा ऐकू आले. ते तसे आहेत की नाही, हे ओळखायला एक सोपी युक्ती आहे. पुस्तिकेत एखादी ठसठशीत चूक शोधावी, म्हणजे एखाद्या नावाची छापील चूक किंवा राहून गेलेला भाऊ, आणि तीच चूक वृक्षांत आहे का ते पाहावे. चूक जशीच्या तशी आली असेल, तर तिच्याबरोबरचे वर्षही तेथूनच आले असे समजावे.

आता कागदांविषयी. कृष्णाकाठ यांनी सर्वप्रथम गावाच्या जन्ममृत्यूच्या नोंदी, म्हणजे गाव नमुना १४, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात, त्याची १९१८ ते १९२१ ची पाने पाहावीत. ही जुनी पुस्तके बहुधा तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असतात. येथे एक खाचखळगा आहे: त्या काळी शिराळा हा वाळवे तालुक्यातला पेटा, म्हणजे पोटविभाग, होता आणि जिल्हा सातारा होता. १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली झाले. जिल्हा बदलला की दप्तरेही गाड्यांत घालून हलवली जातात आणि त्या हलवाहलवीत एखादा गठ्ठा मागेच राहतो. शिराळ्यात ‘उपलब्ध नाही’ असे उत्तर मिळाले, तर इस्लामपूर, म्हणजे वाळवे तालुक्याचे ठिकाण, आणि सातारा येथेही अर्ज करावा. ‘उपलब्ध नाही’ याचा अर्थ ‘नोंद झालीच नव्हती’ असा होत नाही, एवढे ध्यानात असू द्या.

या नोंदींचा भरवसा किती? मृत्यू घडला की कोतवालाने वर्दी आणायची आणि गावकामगाराने ती लिहायची, अशी रीत होती. त्यामुळे मृत्यूची तारीख साधारणपणे त्याच आठवड्यात लिहिलेली असते आणि तिच्यात खोटे लिहिण्याचे कोणाला कारणही नसते. वय मात्र अंदाजाने सांगितलेले असते. ३०, ३५, ४० अशी गोल वये पानापानावर दिसतील. मृत्यूचे कारण बहुतेक ठिकाणी ‘ताप’ असते आणि त्यात हिवतापापासून इन्फ्लुएंझापर्यंत सगळे येते. म्हणजे एकाच ओळीतली तारीख भरवशाची, वय अर्धवट भरवशाचे आणि कारण जवळजवळ निरुपयोगी. कागद खरा की खोटा, असा सरसकट प्रश्न विचारण्यापेक्षा त्यातली प्रत्येक बाब कोणी, केव्हा आणि कशासाठी सांगितली, हे पाहावे. नोकरीत मी हजारो नकला दिल्या, पण हे मला स्वतःला फार उशिरा उमगले.

साथीच्या महिन्यांबाबत मात्र सावध राहा. १९१८ च्या शरदात घराघरांत माणसे आडवी पडली होती आणि त्यांत वर्दी आणणारे व लिहिणारेही असणार. अशा वेळी पंधरा-पंधरा दिवसांच्या नोंदी एका बैठकीत लिहिलेल्या आढळतात. शाई, टाक आणि अक्षराचा कल पानभर एकसारखा असेल, तर तारखांत आठ-पंधरा दिवसांची ढील धरावी.

१ जूनविषयी बोलायलाच नको. शाळा जूनमध्ये सुरू होते आणि पहिलीत घालायला ठरावीक वय लागते, म्हणून मुलाचा चेहरा पाहून मास्तरांनी लिहिलेली ती तारीख आहे. माझी स्वतःची सरकारी जन्मतारीखही १ जून आहे आणि आई सांगायची की माझा जन्म पोळ्याच्या आदल्या रात्रीचा. जनरल रजिस्टरमधून मूल शाळेत कधी आले, कोणत्या गावचे आणि पालक कोण, एवढे घ्यावे. जन्मतारखेसाठी त्याचा उपयोग नाही.

मोडीवाचक

निवृत्त तलाठी यांच्या म्हणण्यात एक भर घालतो. कृष्णाकाठ, आपल्या घराण्यातले कोणी त्र्यंबकेश्वर, पंढरपूर किंवा काशी-गयेला गेले असल्याचे ऐकिवात आहे का? असल्यास त्या क्षेत्राच्या तीर्थोपाध्यायांकडील नामावळी पाहाव्यात. आडनाव आणि गाव सांगितले की कोणत्या उपाध्यायाकडे आपला भाग आहे ते तेथे कळते. परंतु उपाध्याय घराण्यांतही वाटण्या झालेल्या असतात, त्यामुळे जुनी वही एका भावाकडे आणि नवी दुसऱ्याकडे, असे हमखास घडते.

या वह्यांचे मोल कशात आहे ते समजून घ्यावे. यात्रेकरू समोर बसलेला असताना, त्याच्याच तोंडून, कधीकधी त्याच्याच हस्ताक्षरात ती नोंद झालेली असते. स्वतःचे, बायकोचे, भावांचे आणि मुलांचे नाव सांगताना माणूस चुकत नाही. आजोबांचे नावही बहुधा बरोबर असते. त्यावरच्या पिढ्यांची नावे मात्र स्मरणातली असतात किंवा उपाध्यायाने आधीच्या नोंदीवरून जोडलेली असतात. उपाध्यायाला यजमान आपल्याकडे राखायचा असतो, म्हणून जुन्या नोंदीशी सांधा जुळवण्याकडे त्याचा कल असणे स्वाभाविक आहे; एकाच आडनावाची दोन वेगळी घराणी त्यात एक होऊन बसलेली मी पाहिली आहेत.

शिवाय, वही जीर्ण झाली की तिची नक्कल केली जाते. नक्कल एका हाताची, एका शाईची आणि सुबक असते. सुबकपणा पाहून लोक खूश होतात, मी मात्र अस्सल वही शिल्लक आहे का ते विचारतो, कारण नक्कल करताना सह्या आणि निशाण्या गळतात आणि समजले नाही ते अक्षर नक्कल करणारा आपल्या समजुतीप्रमाणे लिहितो. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नाही, शब्द सलग लिहिलेले असतात आणि रेघ आधीच ओढून तिच्याखाली अक्षरे टांगलेली असतात. ‘रामाजीबिनबापू’ (‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा) हे सलग लिहिलेले असताना नाव कोठे संपते, हे ओळखायला सराव लागतो. वाचून देणाऱ्याकडून निव्वळ मजकूर घेऊ नका, पानाचे छायाचित्रही घ्या. दुसऱ्याला दाखवता येते.

शकवर्षात ७८ मिळवले की इसवी सन येते, परंतु जानेवारीपासून पाडव्यापर्यंतच्या महिन्यांसाठी ७९ मिळवावे लागतात. माघ-फाल्गुनातल्या नोंदी एका वर्षाने चुकण्याचे हे नेहमीचे कारण आहे.

मराठवाड्याची लेक

सालांचा विषय निघालाच आहे म्हणून लिहिते. आमच्याकडचे निजामाच्या काळातले कागद उर्दूत आहेत आणि साल फसली, म्हणजे महसुलाच्या कामासाठीचे, आहे. फसलीत ५९० किंवा ५९१ मिळवायचे असतात. आमच्या चुलत्यांनी ज्यांच्याकडून कागद वाचून घेतला, त्यांनी १३०० हा आकडा हिजरी समजून १८८२-८३ असे लिहून दिले. तो होता फसली, म्हणजे १८९०-९१. या आठ वर्षांच्या फरकामुळे आमच्या वंशावळीत एक मुलगा आपल्या आईच्या लग्नाआधी जन्मलेला दिसत होता आणि घरात त्यावरून कुजबुजही झाली. दोष बिचाऱ्या आकड्याचा. साल कोणते हे कागदावर स्पष्ट नसेल तर महिन्याचे नाव, कागदाचा प्रकार आणि त्यावरचा शिक्का यांवरून ठरवावे.

संशयात्मा

छापील वंशावळींविषयी एवढे मौन का? मी सांगतो. गेल्या शंभर वर्षांत आपल्याकडे पुष्कळ घराण्यांचे कुलवृत्तांत निघाले. ज्यांनी ते केले त्यांच्या कष्टांविषयी मला आदर आहे. पोस्टाने प्रश्नपत्रिका पाठवून, उत्तरे गोळा करून, वर्गणी जमवून त्यांनी ते छापले. मात्र जे उत्तर पाठवत ते पुस्तकात आले आणि ज्यांनी पाठवले नाही त्यांची शाखा ‘निर्वंश’ किंवा ‘माहिती उपलब्ध नाही’ या दोन शब्दांत आटोपली. आमची शाखा एका वृत्तांतात निर्वंश आहे. मी हे लिहीत असल्यामुळे ते खरे नसावे.

त्याहून मोठी अडचण म्हणजे उत्तर पाठवणाऱ्याने काय लपवले, ही आहे. दत्तक मुलगा औरस म्हणून दाखवलेला असतो. पाटाच्या संबंधातली मुले गळतात, धर्मांतर केलेला भाऊ गळतो, घर सोडून गेलेला गळतो. मुली तर कित्येक वंशावळींत नसतातच, आणि असल्या तरी माहेरच्या नावाने असतात की सासरच्या, याचा पत्ता लागत नाही. वर मूळ पुरुष कोणी पराक्रमी सरदार किंवा राजस्थानातून आलेला राजपूत. पुस्तिकेच्या पहिल्या पानावर असा मूळ पुरुष असेल, तर पुढच्या पानांवरही संकलकाने कोठे कोठे हात सैल सोडला असेल, याचा अंदाज येतो. कृष्णाकाठ, आपल्या पुस्तिकेत तो आहे का?

कृष्णाकाठ

आहे. तलवारीसह आहे.

मोडीवाचक

संशयात्मा यांचे बोलणे तिखट असले तरी मुद्दा जुनाच आहे. वतनाच्या आणि इनामाच्या कागदांतही हीच गोष्ट दिसते. १८५२ च्या कायद्यान्वये इनाम कमिशनने इनामदारांकडून पुरावे मागितले, तेव्हा घराण्यांनी आपापल्या कैफियती सादर केल्या. त्यांत पिढ्या, पराक्रम आणि सनदा यांचा तपशील भरपूर मिळतो, परंतु ते लिहिणाऱ्याचे इनाम त्या लिखाणावर टिकणार होते. कैफियतीतला शेजारच्या घराण्याचा सहज आलेला उल्लेख तिच्यातल्या स्वतःच्या बढाईपेक्षा अधिक विश्वासार्ह असतो, कारण तो करण्यात लिहिणाऱ्याचा लाभ नव्हता. वतनाच्या तंट्यांतले महजर, म्हणजे सभेपुढे झालेले निवाडे, मला याहून आवडतात. त्यांत दोन्ही बाजू हजर असतात, गोताची साक्ष असते, आणि एकाने वंशावळ फुगवली तर दुसरा ती तेथल्या तेथे खोडून काढतो.

पुण्याच्या पुराभिलेखागारात, ज्याला जुने लोक अजून पेशवे दफ्तर म्हणतात, आणि भारत इतिहास संशोधक मंडळात असे कागद आहेत. तरी सामान्य शेतकरी कुटुंबाचे नाव त्यांत मिळेल या आशेने कोणी थेट तेथे जाऊ नये. आधी महसुली कागद, मग दफ्तर.

पोर्ट लुई

आपली चर्चा मॉरिशसमधून वाचतो आहे. आमचे पूर्वज रत्नागिरीकडून गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, येथे आले आणि आम्ही घरी मराठी सण पाळतो, पण आडनाव मात्र हरवले. येथे अनेक कुटुंबांत बोटीतून उतरलेल्या पूर्वजाचे पहिले नावच पुढे आडनाव झाले. मोका येथील महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये भारतीय स्थलांतरितांची दप्तरे जपलेली आहेत. प्रत्येक माणसाला एक क्रमांक दिलेला होता आणि तोच शोधाची किल्ली आहे, कारण नावाचे स्पेलिंग कारकुनाच्या कानावर अवलंबून होते. एकाच माणसाचे नाव आगमनाच्या वेळी एक, लग्नाच्या नोंदीत दुसरे आणि मृत्यूच्या नोंदीत तिसरे, असे आमच्याकडे आहे, पण क्रमांक तिन्हीकडे एकच.

बोटीच्या आगमनाची तारीख पक्की, वय अंदाजी. गावाचे नाव मला तीन वर्षे लागले नाही, कारण मी ते रोमन अक्षरांत वाचत होतो. शेवटी कोकणातल्या एका वृद्ध बाईंना ते मोठ्याने वाचून दाखवले आणि त्यांनी क्षणात खरे नाव सांगितले. कारकुनाने कानाने लिहिले होते, तेव्हा ते कानानेच ओळखता आले.

गोमांतकी

गोव्यातल्या ख्रिस्ती कुटुंबांना चर्चची बाप्तिस्म्याची पुस्तके हा मोठा आधार आहे. जन्मानंतर थोड्याच दिवसांत बाप्तिस्मा होत असल्याने जन्माचा काळ जवळजवळ अचूक मिळतो. आम्हा हिंदूंना जुन्या काळासाठी देवस्थानच्या महाजनांच्या याद्या आणि कोमुनिदादचे, म्हणजे गावाच्या सामाईक जमिनीच्या संस्थेचे, कागद पाहावे लागतात. त्यांत बहुधा पुरुषच असतात, कारण हक्क त्यांच्या नावावर चालत असे.

कृष्णाकाठ

दीड महिन्याने परत लिहितो आहे. आपण सांगितलेले जवळजवळ सगळे केले आणि जे मिळाले ते येथे मांडतो.

पुस्तिकेची चूक इंटरनेटवर उतरली आहे का, ते आधी पाहिले. पुस्तिकेत माझ्या एका चुलत आजीचे नाव ‘चंद्रभागा’ऐवजी ‘चंद्रभाग’ असे छापले गेले आहे. दोन्ही वृक्षांत आणि व्हॉट्सॲपच्या तक्त्यात ते ‘चंद्रभाग’ आहे, आणि एका ठिकाणी तर तिला पुरुष समजून बायकोची जागा रिकामी ठेवली आहे. पांथस्थ, आपली चार ठिकाणे एकावर आली.

कोतवाल बुकाची पाने शिराळ्यात मिळाली नाहीत, दुसऱ्या ठिकाणी मिळाली. १९१८ च्या ऑक्टोबरमध्ये एका पानावर ‘ज्ञानू बापू, वय ३५, ताप’ अशी नोंद आहे. मला आनंद झाला आणि लगेच मावळला, कारण १९२१ च्या पुस्तकातही ‘ज्ञानू बापू, वय ६०, खोकला’ अशी नोंद निघाली. एकाच गावात, एकाच आडनावाचे, एकाच बापाच्या नावाचे दोन ज्ञानू. यांतला आमचा कोणता? वयावर जावे तर निवृत्त तलाठी म्हणतात वयावर जाऊ नका.

निवृत्त तलाठी

वयावर जाऊ नका म्हणजे ३५ ला ३५ च धरू नका. पस्तिशीचा माणूस चाळिशीचा लिहिला जाईल, साठीचा मात्र लिहिला जाणार नाही. ज्याचा मुलगा दोन-तीन वर्षांचा आहे असा बाप आणि साठ वर्षांचा माणूस यांत निवड करणे अवघड नाही, तरीही तेवढ्यावर थांबू नका, साठीत दुसरेपणी लग्न करणारे त्या काळी होते.

एका नावाच्या दोघांना वेगळे करायला जमिनीसारखी दुसरी गोष्ट नाही. नावे तीच फिरत राहतात, आजोबाचे नातवाला ठेवण्याच्या चालीमुळे तर दर दोन पिढ्यांनी घरात तोच ज्ञानू आणि तोच बापू. सर्व्हे नंबर मात्र जागचा हलत नाही. हक्कनोंदीचा कायदा १९०३ चा आहे, त्यानंतर फेरफाराच्या, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलांच्या, नोंदी मिळू लागतात. आजोबांच्या नावावर जो सर्व्हे नंबर पुढे आला, त्याची वारसाची नोंद शोधा. आजच्या सातबाऱ्यावर फेरफारांचे क्रमांक वर्तुळात लिहिलेले असतात. तेथून एकेक पायरी मागे जात राहायचे.

फेरफाराच्या तारखेला मृत्यूची तारीख समजू नका. वारसाची वर्दी लोक गरज पडेल तेव्हा देतात. कर्ज काढायचे असते, वाटणी करायची असते, नाहीतर भावकीतल्या कोणाचा जमिनीवर डोळा आहे असा संशय येतो. माझ्या कारकिर्दीत मृत्यूनंतर तीस वर्षांनी वारस लावायला आलेले लोकही मी पाहिले.

पांथस्थ

माझ्या बहुमताचा बोऱ्या वाजला हे मान्य. एक विचारतो: २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधासाठी जुनी पुस्तके मोठ्या प्रमाणावर बाहेर काढली गेली. त्यामुळे आपल्यासारख्यांची सोय झाली की अडचण?

निवृत्त तलाठी

दोन्ही. कपाटांतून न निघालेले गठ्ठे निघाले, त्यांचे स्कॅनिंग झाले, मोडी वाचणाऱ्यांना काम मिळाले. दुसरीकडे, नोंदीवर लाभ अवलंबून असला की तिच्यात हात घालण्याचा मोहही होतो. इतर मागासवर्गाच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात, त्यामुळे त्याआधीच्या पानांकडे सगळ्यांचे लक्ष. जुन्या पानावर एखादा शब्द वेगळ्या शाईत, ओळीत कोंबलेला किंवा खाडाखोड करून लिहिलेला दिसला, तर शक्य असेल तेथे त्याच नोंदीची दुसऱ्या दप्तरातली प्रत पडताळावी. माणूस ज्या कामासाठी नोंद शोधतो तेवढेच त्याला तीत दिसते, हेही तितकेच खरे. जातीचा रकाना पाहायला आलेले लोक शेजारच्या रकान्यातले आईचे नाव न वाचता नक्कल घडी करून खिशात घालतात.

कृष्णाकाठ

फेरफार सापडला. मार्च १९२१ ची नोंद आहे आणि तीत आमच्याच सर्व्हे नंबरापुढे लिहिले आहे की ज्ञानू बापू हा ‘सुमारे अडीच वर्षांमागे’ मयत झाला असून त्याचा वारस मुलगा गणू, वय ६, अज्ञान (म्हणजे वयात न आलेला), पालनकर्ती आई. मार्च १९२१ मधून अडीच वर्षे मागे गेले की १९१८ चा सप्टेंबर-ऑक्टोबर येतो आणि आजोबांचा जन्म १९१५ च्या आसपास पडतो, म्हणजे ‘मी तीन वर्षांचा होतो’ हे त्यांचे सांगणे जुळते. पुस्तिकेतले १९२१ कोठून आले, तेही आता दिसते: संकलकाने फेरफाराची तारीखच उचलली असावी, किंवा दुसऱ्या ज्ञानूची मृत्यूनोंद आमच्या माथी मारली असावी. संकलक आता हयात नाहीत, त्यामुळे यांपैकी कोणते, हे ठरवता येत नाही.

त्र्यंबकेश्वरलाही जाऊन आलो. तीन घरे फिरल्यावर आमच्या गावाची वही लागली. शके १८३४ ची, म्हणजे १९१२-१३ ची नोंद मोडीत आहे आणि खाली अंगठ्याऐवजी नांगराची निशाणी आहे. मोडीवाचक यांना पानाचे छायाचित्र पाठवले होते, त्यांनी वाचून दिले: ‘ज्ञानू बिन बापू, भाऊ सखा, मुलगा रामा.’ गणूचे नाव नाही.

मोडीवाचक

वाचनाविषयी दोन शब्द. ‘सखा’ हे नाव मी खात्रीने वाचले आहे, ‘रामा’ही स्पष्ट आहे. नांगराची निशाणी पाहून मलाही बरे वाटले. शेतकरी आपल्या नावापुढे नांगर काढत, म्हणून ती अस्सल वही असण्याची शक्यता वाढते, नक्कल करणारा इतका त्रास क्वचित घेतो. गणूचे नाव नसणे हे तो तोवर जन्मला नव्हता याला पूरक आहे, एवढेच म्हणावे. तान्ह्या मुलाचे नाव लोक नेहमी सांगतातच असे नाही.

हेळव्याच्या वहीचीही येथे बूज राखली पाहिजे. त्यांच्या वह्यांत तारखा नसतात आणि मूळ पुरुषाविषयी जे सांगितले जाते ते कथेच्या अंगाने जाते, त्यामुळे शिकलेले लोक त्यांना हसण्यावारी नेतात. परंतु दर काही वर्षांनी दारात येऊन, घरातल्या बायाबापड्यांना विचारून, नव्या मुलांची नावे ते लिहून घेतात. छापील पुस्तिकेने गाळलेला मुलगा हेळव्याच्या वहीत राहिला आणि त्र्यंबकच्या वहीने त्याला दुजोरा दिला. एक वही कृष्णेच्या खोऱ्यातली, दुसरी गोदावरीच्या उगमाची. लिहिणारे एकमेकांना कधी भेटलेले नाहीत. दोन वेगळे साक्षीदार म्हणतात ते असे.

मराठवाड्याची लेक

मग रामाचे काय झाले? कोतवाल बुकाचे ते ऑक्टोबरचे पान पुन्हा एकदा वाचाल का? आपण तेव्हा ज्ञानू हे नाव शोधत होता.

कृष्णाकाठ

आपण विचारलेत म्हणून काल रात्री नकलेचे पान पुन्हा काढले. ज्ञानूच्या नोंदीच्या वर, सहा ओळी सोडून, ‘रामा ज्ञानू, वय ९, ताप’ आहे. दोन नोंदींत आठ दिवसांचे अंतर. ते पान माझ्याकडे तीन आठवडे होते आणि माझी नजर त्या ओळीवरून अनेकदा गेली असणार. निवृत्त तलाठी यांनी खिशात घडी घालणाऱ्यांविषयी लिहिले तेव्हा मी मनातल्या मनात हसलो होतो.

आज सकाळी आत्याला फोन केला. तिचे वय ८४ आहे. रामा हे नाव उच्चारल्यावर ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, की तिची आजी सर्वपित्रीला पानाशेजारी एक लहान द्रोण वेगळा ठेवत असे, आणि कोणासाठी म्हणून विचारले तर ‘थोरल्यासाठी’ म्हणत असे. थोरला म्हणजे घरातला कोणी वडीलधारा, अशी तिची समजूत होती.

संशयात्मा

ही आठवण आपण रामाचे नाव सांगितल्यानंतरची आहे, त्यामुळे तिला स्वतंत्र पुरावा म्हणता येणार नाही. नाव न सांगता आधी विचारायला हवे होते. हे लिहिताना मला बरे वाटत नाही, तरी लिहितो.

कृष्णाकाठ

मान्य आहे. वंशावळीत ते तसेच नोंदवले आहे. आता आमच्या पानावर असे आहे: ज्ञानू बापू, जन्म १८८० ते १८८५ च्या दरम्यान, मृत्यूनोंदीतल्या वयावरून अंदाज, मृत्यू ऑक्टोबर १९१८, मृत्यूनोंद आणि फेरफार यांवरून. थोरला मुलगा रामा, जन्म सुमारे १९०९, मृत्यू ऑक्टोबर १९१८, मृत्यूनोंद, त्र्यंबकची वही आणि हेळव्याची वही. धाकटा गणू, जन्म सुमारे १९१५, फेरफारावरून. शाळेतली तारीख धरलेली नाही. द्रोणाची आठवण खाली वेगळी लिहिली आहे, आत्याने सांगितली त्या तारखेसह आणि प्रश्न कसा विचारला होता त्यासह. पुस्तिकेतला तलवारवाला मूळ पुरुष तूर्त काढून ठेवला आहे; भावकीत त्यावरून एक काका बोलेनासे झाले आहेत.

निवृत्त तलाठी

दप्तर कोठले, पुस्तकाचे साल कोणते आणि पान कितवे, हेही प्रत्येक नोंदीपुढे लिहून ठेवा. आणि भाऊ सखा राहिला की. त्याच्या वारसाची नोंद काढलीत का?

कृष्णाकाठ

नाही. सोमवारी अर्ज करतो.